अक्षरी आणि अंकी : प्राथमिक गणिताचा पाया

धनादेश लिहिताना रक्कम दोनदा लिहावी लागते. एकदा अक्षरी आणि एकदा अंकी. वर्षानुवर्षे धनादेश लिहिणाऱ्या खातेदाराच्या हाताला याची इतकी सवय झालेली असते की, एकच गोष्ट दोनदा का लिहायची, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. समजा, एखाद्याने अक्षरी ‘सहा हजार सदुसष्ट’ असे लिहिले आणि शेजारच्या चौकटीत मात्र ६,०७६ हा आकडा घातला, तर काय होईल? १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजेच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचे, कलम १८ याचे स्पष्ट उत्तर देते. अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल, तर अक्षरी रक्कमच खरी मानली जावी. प्रत्यक्ष व्यवहारात बँका असा धनादेश बहुधा परतच करतात, हा भाग वेगळा. परंतु आकडा आणि शब्द यांत मतभेद झाला, तर कायदा शब्दाच्या बाजूने उभा राहतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सदुसष्टचे शहात्तर करणारी ही चूक वरवर पाहता हाताची वाटते. वस्तुतः तिचे मूळ फार मागे, इयत्ता पहिली-दुसरीच्या वर्गात असते. कानावर पडलेला शब्द, कागदावर उमटणारा अंक आणि डोळ्यांसमोरची वस्तूंची रास, या तिन्हींची सांगड घालणे म्हणजे प्राथमिक गणित. ही सांगड ज्याला साधली, त्याला पुढची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चारही वाटा मोकळ्या होतात. ज्याला ती साधली नाही, तो प्रत्येक वाटेवर त्याच ठिकाणी अडखळतो.

दहा वर्षांचा खातेदार

हा प्रश्न केवळ शाळेच्या चार भिंतींतला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते उघडून ते स्वतः चालवता येते. दहा वर्षांचे मूल म्हणजे साधारणपणे पाचवीतला विद्यार्थी. या विद्यार्थ्याची गणितातील तयारी कितपत असते?

‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतातील घरोघरी जाऊन मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करीत आली आहे. ‘असर’ या नावाने ती ओळखली जाते. या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीतील ३३.७ टक्के मुलांना किमान दोन अंकी वजाबाकी करता आली, तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना सोडवता आले. २०२२ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २५.९ आणि २५.६ टक्के होते. म्हणजे सुधारणा निश्चित आहे, आणि ती आनंदाची आहे. तरीही पाचवीतील दर दहा मुलांपैकी जवळजवळ सात मुले भागाकारापाशी थांबतात, हे वास्तव नजरेआड करता येणार नाही. ज्याला भागाकार येत नाही, त्याला व्याज कळत नाही, हप्ता कळत नाही आणि दुकानदाराने सांगितलेली सवलत खरी की खोटी, हेही कळत नाही. असा खातेदार सही करतो. हिशेब मात्र दुसरा कोणीतरी करतो.

प्रत्येक मुलाला तिसरीपर्यंत मूलभूत वाचन आणि संख्याज्ञान प्राप्त व्हावे, या उद्देशाने केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. त्यात ‘संख्याज्ञान’ हा शब्द ‘वाचन’ या शब्दाच्या बरोबरीने आला, ही त्यातली महत्त्वाची बाब होय.

नावातच दडलेले गणित

मराठी मुलाची पहिली कसोटी संख्येच्या नावापाशीच लागते. एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव या आठ शब्दांत ‘एक’ आठ वेळा आला खरा, पण त्याची रूपे बदलत गेली. पन्नासाचे कधी ‘वन्न’ झाले, तर कधी ‘पन्न’. सत्तराचे ‘हत्तर’ झाले. शिवाय उच्चारात एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी आणि एकक नंतर. ‘त्रेपन्न’ ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या कानावर तीन आधी पडतात. त्याने ३५ लिहिले, तर तो निष्काळजी आहे असे म्हणता येणार नाही. ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने त्याने लिहिले आहे. जर्मन भाषेतही एकक असाच आधी येतो. याउलट कानडी, तेलुगू, तमिळ आणि इंग्रजीत वीस आधी उच्चारतात आणि एक नंतर.

या अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचनाची पद्धत देण्यात आली, आणि महाराष्ट्रात एकच वादळ उठले. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विनोद झाले आणि विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. गणित समितीच्या प्रमुख होत्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. जोडाक्षरांनी भरलेले शब्द लहान मुलांना अवघड जातात. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक असेल तर गणिताची भीती कमी होईल, अशी त्यांची भूमिका होती. जुने शब्द पुस्तकातून हद्दपार झालेले नव्हते. जोडीला एक सोपी पायरी दिलेली होती. शतकानुशतकांचे शब्द पुसले जातील, घरी आजी एक म्हणेल आणि शाळेत बाई दुसरे म्हणतील, ही विरोधकांची चिंताही निराधार म्हणता येत नाही.

वाद बाजूला ठेवला, तर दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच मुद्द्यावर येऊन मिळते. शब्दाच्या पोटातले गणित मुलाला उलगडून दाखवायला हवे. ‘एकोणतीस’ हा शब्द पाठ करणे निराळे, आणि ‘एक उणे तीस’, म्हणजे तीसला एक कमी, हे त्यातले गुपित कळणे निराळे. हे गुपित कळलेल्या मुलाला एकोणचाळीस आणि एकोणसाठ यांत गोंधळ होण्याचे कारण उरत नाही, कारण तो शब्द त्याच्यासाठी एक छोटीशी वजाबाकीच होतो. सव्वादोनशे म्हणजे दोनशे आणि वर शंभराचा पाव, अर्थात २२५. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला शंभराचा पाव कमी, अर्थात १७५. अडीचशे म्हणजे दोनशे आणि अर्धे शंभर, अर्थात २५०. बंगळूर, हैदराबाद, दिल्ली किंवा इंदूर येथे इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कानावर हे शब्द फक्त आजी-आजोबांकडूनच पडतात. त्यांना ते जुने वाटोत. पण प्रत्येक शब्द म्हणजे तोंडी हिशेबाचा एक आयता धडा आहे.

जागेची किंमत

शब्दानंतर येतो अंक, आणि अंकाबरोबर येते स्थानिक किंमत. प्राथमिक शिक्षकांच्या परिचयाची एक चूक आहे. ‘एकशे पाच’ लिही म्हटले की मूल १००५ लिहिते. त्याने ‘एकशे’ ऐकले, १०० लिहिले; ‘पाच’ ऐकले, ५ लिहिले. ही चूक हास्यास्पद वाटली, तरी तिला फार जुनी परंपरा आहे.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन काळातील, दोन हजार वर्षांहून जुना शिलालेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांच्या दक्षिणांची त्यात नोंद आहे. भारतातील अंकलेखनाच्या प्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. त्यात २४,४०० नाण्यांच्या दक्षिणेचा उल्लेख येतो. पण हा आकडा आजच्यासारखा लिहिलेला नाही. वीस हजारांचे एक चिन्ह, चार हजारांचे दुसरे आणि चारशेंचे तिसरे, अशी चिन्हे ओळीने मांडली आहेत. शून्य नाही, कारण त्याची आवश्यकताच नाही. आज १००५ लिहिणारे मूल आणि नाणेघाटातला लेखक एकाच रीतीने विचार करतात. ऐकलेला प्रत्येक शब्द ते एकापुढे एक मांडत जातात.

पुढे भारतीय गणितींनी क्रांती घडवली ती इथेच. शंभरासाठी वेगळे चिन्ह न ठेवता अंकाच्या जागेलाच किंमत देण्यात आली आणि रिकाम्या जागेचा रखवालदार म्हणून शून्य आले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. मंदिरासाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या पुष्पमाळा ५०, या दोन्ही आकड्यांत छोट्या वर्तुळाच्या रूपातील शून्य स्पष्ट दिसते. नाणेघाटापासून ग्वाल्हेरपर्यंत पोचायला मानवी बुद्धीला कित्येक शतके लागली. तेच अंतर आपण सहा-सात वर्षांच्या मुलाला काही महिन्यांत कापायला सांगतो. ते अडखळले, तर रागावण्याऐवजी त्याचा हात धरणे अधिक न्याय्य ठरेल.

जागेच्या किमतीचा एक व्यावहारिक उपयोग बँकेतील आणि पेढीवरील मंडळींना परंपरेने ठाऊक असतो. तेरीज जुळत नाही आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, असे दिसले की अनुभवी कर्मचारी प्रथम अंकांची उलटापालट झाली आहे का, हे पाहतो. याचे कारण सोपे आहे. ६७ चे ७६ झाले, तेव्हा ७ हा अंक एककातून दशकात गेला. त्याची किंमत ७ वरून ७० झाली, म्हणजे ६३ ने वाढली. ६ दशकातून एककात आला. त्याची किंमत ६० वरून ६ झाली, म्हणजे ५४ ने घटली. ६३ आणि ५४ हे दोन्ही नऊच्या पटीतले, म्हणून त्यांचा फरकही नऊच्या पटीतला; या उदाहरणात तो ९ येतो. दुसरीतल्या धड्याचा असा उपयोग मोठ्या खतावणीतही होतो.

मोड आणि हातचा

बेरजेतला ‘हातचा’ आणि वजाबाकीतली ‘उसनवारी’ हे शब्द मुलांना गूढ वाटतात. रोखपालाला मात्र त्यात काहीच गूढ वाटत नाही, कारण तो दिवसभर तेच करीत असतो. एक रुपयाची नाणी, दहाच्या नोटा आणि शंभराच्या नोटा यांचे तीन गठ्ठे म्हणजेच एकक, दशक आणि शतक.

४७ मध्ये ३८ मिळवायचे आहेत. सात आणि आठ मिळून पंधरा नाणी झाली. त्यातली दहा नाणी देऊन दहाची एक नोट घेतली. पाच नाणी उरली. ही नवी नोट म्हणजेच हातचा एक. तो एक दिसतो, पण त्याची किंमत दहा आहे. चार, तीन आणि ही एक, अशा आठ नोटा झाल्या. उत्तर ८५.

वजाबाकीत हाच व्यवहार उलटा चालतो. ५२ मधून २७ वजा करताना पुष्कळ मुले ३५ असे उत्तर लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करून मोकळी होतात. पैसे हातात असते, तर ही चूक झालीच नसती. दोन नाण्यांतून सात देता येत नाहीत, तेव्हा दहाची एक नोट मोडली पाहिजे, हे कोणतेही मूल सांगेल. नोट मोडली की चार नोटा आणि बारा नाणी होतात. त्यातून दोन नोटा आणि सात नाणी दिली. दोन नोटा आणि पाच नाणी, म्हणजे २५ उरले.

३०० मधून १२८ वजा करणे सर्वांत अवघड, कारण तेथे सुटे मुळीच नाहीत. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या. त्यातली एक मोडून दहा नाणी घ्यावी. आता शंभराच्या दोन, दहाच्या नऊ आणि दहा नाणी झाली. एकूण रक्कम तीनशेच राहिली. केवळ रूप बदलले. त्यातून १२८ दिले की १७२ उरतात. शून्यावर ९ आणि १० का लिहितात, याचे एवढे सरळ स्पष्टीकरण दुसरे सापडणे कठीण आहे.

पाढे : पाठांतर आणि अर्थ

एके काळी मराठी शाळांतून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकीही पाठ करून घेत. ही घोकंपट्टी निरर्थक नव्हती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. पाव आणि अर्ध्या भागांचा हिशेब बाजारात पदोपदी लागे. दशमान पद्धती आली आणि पावकी-निमकी हळूहळू मागे पडल्या.

पाठांतराचे महत्त्व आजही संपलेले नाही. सात सक बेचाळीस हे ज्याच्या ओठांवर आहे, त्याचे मन मोठ्या उदाहरणात मोकळे राहते. पण अर्थ कळल्याशिवाय केलेले पाठांतर विस्मरणाच्या पहिल्याच क्षणी दगा देते. सोळा साते किती, हे आठवले नाही तर काय करायचे? सोळा म्हणजे दहा आणि सहा. सातदा दहा म्हणजे सत्तर, सातदा सहा म्हणजे बेचाळीस. दोन्ही मिळून एकशे बारा. ज्याला हा रस्ता ठाऊक आहे, त्याचा पाढा विसरला तरी तो हरवत नाही.

भागाकारातील शून्य

भागाकारात या साऱ्यांची एकत्र परीक्षा होते. ६१२ ला ६ ने भागताना १२ असे उत्तर वहीत वारंवार दिसते. इथेही पैशांकडेच वळावे. सहा भावंडांत ६१२ रुपये वाटायचे आहेत. शंभराच्या सहा नोटा आहेत. प्रत्येकाला एक मिळाली. दहाची नोट एकच आहे. ती सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दहाची नोट कोणालाच नाही. ती मोडून दहा नाणी झाली आणि आधीची दोन मिळून बारा. प्रत्येकाला दोन. म्हणजे शंभराची एक, दहाची शून्य आणि नाणी दोन, उत्तर १०२. मधले शून्य ‘दहाची नोट कोणालाही मिळाली नाही’ एवढेच सांगते. पण ते लिहायचे राहिले, तर प्रत्येक भावंडाचे नव्वद रुपये नाहीसे होतात. भागाकार झाल्यावर १२ आणि ६ यांचा गुणाकार करून ७२ येतात, ६१२ नव्हे, एवढे पडताळून पाहण्याची सवय लागली, तरी ही चूक जागीच पकडली जाईल.

बाजार आणि वही

पैशांच्या साहाय्याने गणित सोपे होत असेल, तर बाजारात बसणाऱ्या मुलांना शाळेचे गणित आपोआप यायला हवे. तसे होत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वजन, भाव आणि परत द्यायचे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब ही मुले तोंडी अचूक करीत; पण शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडलेली उदाहरणे त्यांना अवघड जात. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावरची उदाहरणे अधिक चांगली सोडवीत. बाजारातल्या हिशेबात मात्र ती मागे पडत. एका काठाचे ज्ञान दुसऱ्या काठावर आपोआप जात नाही. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो.

हा पूल बांधण्याची एक सहज संधी अलीकडे हातची जात आहे. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे चुकते होऊ लागल्यापासून मोड परत घेण्याचा प्रसंग घरातल्या मुलांच्या वाट्याला कमीच येतो. सोय मोठी आहे; पण शंभराची नोट देऊन बत्तीस रुपये परत घेताना जे गणित नकळत शिकले जाई, ते आता जाणीवपूर्वक शिकवावे लागेल. त्यासाठी खर्च काहीच नाही. कागदाच्या चिठ्ठ्यांवर १, १० आणि १०० लिहून मुलाला घरचा रोखपाल करावे. सुरुवातीला वीस, पन्नास आणि पाचशेच्या नोटा बाजूला ठेवाव्या, म्हणजे एकक, दशक, शतक स्पष्ट राहतील. प्रत्येक व्यवहार त्याने तीन वेळा सांगावा : चिठ्ठ्या मांडून, तोंडाने बोलून आणि वहीत लिहून. उत्तर चुकले तर ‘चूक’ म्हणून खोडण्याऐवजी ‘कसे केलेस, ते सांग’ असे विचारावे. कोणती नोट मोडायची राहिली, ते बहुतेक वेळा मूल स्वतःच शोधून काढते.

यथावकाश हेच मूल बँकेत येईल. धनादेशावर आधी अक्षरी रक्कम लिहील, मग अंकी. सदुसष्ट लिहिताना त्याच्या मनात साठ आणि सात स्पष्ट उभे असतील, आणि चौकटीत ६७ हाच आकडा उमटेल. त्या रकमेचा हिशेब त्याचा स्वतःचा असेल आणि त्याखालची सहीही खऱ्या अर्थाने त्याचीच असेल.